माळचिंचोलीच्या घरातला माझा अर्धा हिस्सा

मी, पंचशीला साहेबराव सोनकांबळे, वय एकसष्ट, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार निलंगा, जि. लातूर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. तनुजा बिराजदार यांचा दाखला सोबत जोडला आहे. एरवी जोडला नसता. पण माझा धाकटा भाऊ धम्मानंद याने भर ग्रामसभेत उठून "अक्काचं डोकं ठिकाणावर न्हाई" असे सांगितले आहे, आणि ते वाक्य उद्या कोर्टात यायला नको.

कलम १. मला पती वा अपत्य नाही. वडील लवकर वारले. आई धुरपताबाई १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडच्या आमच्या गावी भिंतीखाली गेली. त्याआधी कितीतरी महिने ती म्हणायची, "जमीन गुरगुरायलीय गं." मी तिला निलंग्याला आणून ठेवले होते. गणपती बुडवायच्या आधी गावी जाऊन येते म्हणाली, आणि गेली. धम्मानंद त्याच ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. माझे वारस म्हणजे तो आणि त्याची मुलगी सृष्टी.

कलम २. निलंग्यातील माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर सृष्टीला द्यावे. प्राध्यापिका असून पत्र्याखाली राहते म्हणून शेजारी हसले. उन्हाळ्यात ते तापते, हे खरे आहे. पण पत्रा अंगावर पडला तर माणूस उठून बसतो. किल्ली मी सृष्टीला आजच दिली आहे. तिने माझ्या मरणाची वाट न पाहता इथे राहायला यावे. कलम ४ चा खर्च वजा जाता बँकेतील शिल्लकही तिचीच.

कलम ३. माळचिंचोलीच्या राखीव गवताळ माळावर मी बाभळींना बांधलेल्या ध्वनिमुद्रणाच्या पेट्या आणि आजवरचे सर्व आवाज महाविद्यालयाला द्यावेत. या पेट्या कशासाठी, हे पुढच्यांना कळावे म्हणून लिहिते. लांडगा दिसत नाही, पण ऐकू येतो. प्रत्येकाची हाक निराळी असते. कान तयार झाला की कळप किती, पिले जगली का, हे माळाला त्रास न देता समजते. खोकड, टिटवी, तितर यांचेही तसेच.

गेल्या पावसाळ्यात टेकडीवरच्या पेटीत एक खोल आवाज आला. मी तो वनरक्षक मडिवाळप्पा कलशेट्टी यांना ऐकवला. त्यांनी ऐकून कानावरचा हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, "मॅडम, हे वरचं न्हवं. खालचं हाय." त्या आवाजानंतर सगळा माळ गप्प झाला होता आणि थोड्या वेळाने टिटवीने पुन्हा सुरुवात केली होती. पुढे तो आवाज वारंवार येऊ लागला आणि नंतरची शांतता लांबत गेली. हिवाळ्यात लांडग्यांनी टेकडी सोडली. त्यांची हाक फक्त पूर्वेच्या टोकाला, कर्नाटकाच्या बाजूला येऊ लागली. मग खोकडे गेली. आता टेकडीच्या पेटीत वाऱ्याशिवाय काही नाही.

प्राण्यांना पुढचे कळते, असा माझा दावा नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. माळ ओस पडला, एवढेच मी सांगू शकते. टेकडीच्या पायथ्याशी, माळचिंचोली गावात, माणसे मात्र राहतात.

हे आवाज घेऊन मी संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी चहा मागवला, सगळे ऐकले आणि म्हणाले, "खाणीतला सुरुंग असेल."

"खाण बंद असते त्या दिवशीही आवाज आहे."

"मग कुणाला सांगू नका, मॅडम. लोक घरं सोडून बाहेर झोपतील."

मी म्हटले, "तेवढंच हवंय मला."

अफवा पसरवल्याबद्दल त्यांनी मला नोटीस पाठवली. त्यांच्यावर माझा राग नाही. मात्र माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये.

कलम ४. माळचिंचोलीचे आजोळचे घर धम्मानंदच्या आणि माझ्या नावे निम्मे-निम्मे आहे. भिंती दगड-मातीच्या. धम्मानंद तिथे कुटुंबासह राहतो आणि त्याने त्यांवर वरचा मजला चढवला आहे. मी हात जोडले होते. तो म्हणाला, "अक्का, एकदा वाचलो की मी. आता मला काय होतंय?" ग्रामसभेत मी लोकांना काही दिवस अंगणात झोपायला सांगितले, तेव्हा सर्वांत आधी तोच उठला. त्याचा राग मला समजतो. ज्या रात्रीतून तो बाहेर आला, तिच्यात मी त्याला पुन्हा नेत होते.

तरीही लिहिते. घराचा पूर्वेकडील अर्धा भाग माझा आहे आणि वरचा मजला त्याच भिंतीवर उभा आहे. माझा हिस्सा मी कुणालाही देत नाही. माझ्या पश्चात तो पाडून टाकावा. पाडण्याचा खर्च माझ्या शिलकीतून करावा. मृत्युपत्राचे व्यवस्थापक अ‍ॅड. आनंदराज, माझे जुने विद्यार्थी, म्हणाले, "मॅडम, ही अट टिकेल असं नाही. दादा कोर्टात जातील." मी म्हटले, "जाऊ दे. कोर्टात असेल तोवर घरात नसेल."

कलम ५. मडिवाळप्पा साक्षीदार असल्याने त्यांना यातून काही देऊ नये, असा आनंदराज यांचा सल्ला आहे. म्हणून माझी स्कूटी त्यांना आजच दिली. त्यांच्या पत्नी दानम्मा यांना ती चालवू द्यावी, त्यांना येते.

कलम ६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. देह माळचिंचोलीच्या घरात नेऊ नये. भेटायला आलेल्यांना भिंतीच्या कडेला बसवू नये, उघड्यावर बसवावे, ऊन असले तरी.

सहीबाबत खुलासा. मडिवाळप्पा यांची सही वाकडी आली आहे. ती त्यांचीच आहे. ते सही करीत असताना अंगणातले टेबल हलले आणि पत्रे वाजले. आम्ही तिघे उभे राहिलो. थांबल्यावर मी धम्मानंदला फोन लावला.

तो म्हणाला, "समदे बाहेर हाव. पूर्वेच्या भिंतीला चीर गेलीय." मग त्याने विचारले, "अक्का, आत जाऊ का?"

मी "नको" म्हटले. तो अजून अंगणातच आहे. कलम ४ मी बदललेले नाही.

ठिकाण : निलंगा
दिनांक : १८ मार्च २०२५

लिहून देणार : पंचशीला साहेबराव सोनकांबळे (सही)

आमच्या देखत त्यांनी, आणि त्यांच्या देखत आम्ही सही केली :
१. डॉ. तनुजा श्रीमंत बिराजदार (सही)
२. मडिवाळप्पा चन्नप्पा कलशेट्टी (सही)