झंस्कारच्या पाण्यात

१४ जून, जनाबिया, बहरीन
खलास — एवढंच म्हणाला दत्ता. एकोणीस वर्षांच्या संसाराला एक शब्द, तोही अरबी! दुसरी कुणी नाही म्हणतो. "शुभा, मला घरी यावंसंच वाटत नाही ग." सावनी पुण्याला कॉलेजला गेली, की हा इथल्याच अमवाज बेटावर फ्लॅट घेऊन राहणार. तोवर लेकीला कळू द्यायचं नाही, यावर मात्र आमचं एकमत. कितीतरी महिन्यांनी झालेलं एकमत.

१५ जून
मेथी निवडता निवडता रडले. सावनीने विचारलं, काय झालं? कांदा, म्हटलं. कांदा कुठे होता!

२० जून
लडाखची तिकिटं सावनीच्या बारावीनंतरची म्हणून कधीच काढून ठेवलेली. रद्द करू म्हटलं, तर दत्ता म्हणतो, "तिचा काय दोष?" म्हणजे जायचं. तिघांनी. फोटोत हसायचं.

६ जुलै, लेह
आज राफ्टिंग — चिलिंगपासून निमूपर्यंत, झंस्कार नदीतून. दोन्हीकडे उभे कडे, तांबडे, जांभळट, गवताची काडी नाही. आमचं बहरीनचं वाळवंट आडवं, हे उभं! खाली राखाडी, बर्फगार पाणी. गाईड संतोष, नेपाळचा. "आंटीजी, मैं बोलूँ तभी चप्पू मारना!" सावनीने हट्टाने आम्हा दोघांना पुढे बसवलं, शेजारी शेजारी.

एका मोठ्या लाटेला बोट कलंडली आणि मी पाण्यात. श्वासच अडकला. वर आले तेव्हा ऐकू आलं — "शुभा! शुभा!" दत्ताचा आवाज. जॅकेटच्या खांद्यांना धरून त्याने मला आत ओढलं. दोघंही बोटीच्या तळाशी आडवे. सोडत नव्हता. सावनी आधी रडली, मग इतकी हसली की संतोषही हसायला लागला. मग मीही.

सोडत नव्हता मला. हे लिहून ठेवते.

७ जुलै
सकाळी त्याने माझ्यासाठी चहा आणला. मी काही विचारलं नाही — भीती वाटली.

१२ जुलै, जनाबिया
विचारलं एकदाचं. सावनीला मैत्रिणीकडे सोडून येताना, गाडीत. "त्या दिवशी तू जशी हाक मारलीस —"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवेना. मागून हॉर्न. मग म्हणाला, "शुभा, कुणीही असतं तरी ओढलं असतं ग."

कुणीही! दुखवायला नाही बोलला. खरं तेच सांगितलं. ते जास्त लागलं.

९ ऑगस्ट
सावनीला हॉस्टेलवर पोचवून काल परतलो. आज दत्ता दोन बॅगा घेऊन अमवाजला गेला. दारात थांबून म्हणाला, "एसीचा माणूस उद्या येईल." बाकी काय बोलणार!

१० ऑगस्ट
दिवसभर एसीच्या माणसाची वाट पाहिली. आला नाही.

१७ ऑगस्ट
सावनीचा फोन. आज सांगायचंच ठरवलं होतं. "तुझे बाबा आणि मी —" एवढंच तोंडातून निघालं.

"आय नो, आई. लेहला जायच्या आधीपासून. तुमचं बोलणं ऐकलं होतं मी."

"मग तिथे एवढी हसत काय होतीस ग?"



"तू हसावीस म्हणून."