दत्तूचं गार स्पिंडल

केडगाव, खंडेनवमी, १९७२

आज कारखान्यात मशिनांची पूजा झाली. बारा वर्षं नारळ मी फोडतोय. आज मालकांनी तो माझ्याच हाताखाली शिकलेल्या दत्तूला दिला. का, तर त्यानं मिलिंग मशिनचे गिअर काढून कटर फिरवणारं स्पिंडल पट्ट्यावर चालवलं, त्याच्या आवरणाभोवती तांब्याची नळी गुंडाळून पाणी फिरवलं. एरवी दुपारपर्यंत ते इतकं तापायचं की हात ठेववत नसे. काल दिवसभर चालून गार! मला का नाही सुचलं?

"काका, हात लावून बगा की," काल तो म्हणाला.

"लई बघितलीत असली कामं," मी म्हणालो.

सगळे चहाला गेल्यावर मात्र गुपचूप हात ठेवला. चटका बसावा, असं मनापासून वाटत होतं.

गारच होतं.

आज नारळसुद्धा साला एका फटक्यात फुटला त्याचा.