शमाश माझ्या हाती

पप्पा, तो शमाश तुम्ही माझ्या हातात दिलात तेव्हाच मला संशय आला होता. हनुक्का या आपल्या ज्यू सणाचे बाकीचे दिवे ज्याने लावायचे, तो दिवा आपल्या घरात तुमच्याशिवाय कुणी धरत नसे. आईने काचेच्या वाट्यांत तेल घालायचं, मी वाती वळायच्या आणि तुम्ही प्रार्थना म्हणत दिवे लावायचे, हे अगदी ठरलेलं. त्या वर्षी मात्र, कोपरखैरण्याच्या भाड्याच्या घरात, तुम्ही सहज म्हटल्यासारखं म्हणालात, "आजपासून तू लाव." सहज? तुम्ही? मला दिव्यांचा तो मेनोरा स्टँड पुसायलाही देत नव्हतात.

त्यातच इस्रायलहून काकाचे फोन वाढले होते. आपल्याकडे कुठला फोन! खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, मूळच्या बोनकोड्याच्या, जिन्यातूनच ओरडायच्या, "दादा, भावाचा फोन हाय, बेगीन या!" तुम्ही खाली जाऊन, पाठ फिरवून, हळू आवाजात बोलायचात. मी पायरीवर कान टवकारून उभी. "इथं कुणाला सांगू नकोस," एवढंच ऐकू आलं आणि माझी खात्रीच पटली. तुम्ही आम्हाला सोडून तिकडे चाललात, आणि मागे घरचे दिवे लावायला मला तयार करताय. मी तुमची बॅगसुद्धा तपासली. तिच्यात एका जुन्या स्वेटरशिवाय काही नव्हतं, तर मला त्या स्वेटरचाही संशय आला.

दुसऱ्या संध्याकाळी मी हात मागे घेतला. "तुम्हीच लावा. जाणाऱ्याने लावून जावं." तुम्ही पुढे झालात. शमाश उचललात, प्रार्थना म्हणालात, आणि ज्योत दोन वाट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत धरून वात पेटायची वाट बघत उभे राहिलात. आईने मुकाट्याने तुमचं मनगट धरून हात वातीपर्यंत नेला. तिला सगळं माहीत होतं.

नंतर ओट्यापाशी ती मला म्हणाली, "नजर जात चाललीय त्यांची. कंपनीत कळलं तर घरी बसवतील. तुझा काका तिकडच्या डॉक्टरला विचारतोय. आता तोंड बंद ठेव." मला रडू आवरेना. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही कुठेच जात नाही म्हणून आनंदही तेवढाच झाला.

तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली. यंदा मी शमाश लेकीच्या हातात दिला. तिने डोळे बारीक करून विचारलं, "मम्मी, तू का नाही लावत?" पोरगी अगदी माझ्यावर गेलीय. मी म्हटलं, हात दुखतोय.

पप्पा, हात ठणठणीत आहे.