भिरभिरं कुठल्या बाजूनं फिरतं

फ्रीगंज, उज्जैन
८ जानेवारी २०२५

चि. अश्लेषास विनोदिनीआत्याचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघे खुशाल नाहीत, पण त्यांचं मत कोणी विचारलेलं नाही. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू हो आत्या, हो आत्या म्हणत भलतंच काहीतरी टाइप करत असतेस. खटखट मला इथपर्यंत ऐकू येते. कागदावर तरी माणूस एका वेळी एकच काम करतो.

बातमी अशी की माझं पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशकांनी घेतलं. नाव ‘उन्हाचं शीड’. इथल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकात नऊ वर्षं जे लिहीत होते, तेच मुलांसाठी नव्यानं बांधून काढलं. रॉकेट हा आपली शिदोरी आपणच वाहणारा हमाल. पाठीवरचं बहुतेक ओझं म्हणजे त्याचंच इंधन. शिडाला शिदोरी लागत नाही. केसाहून पातळ चकचकीत पडदा उघडायचा. ऊन त्यावर आपटून परत फिरतं आणि फिरताना त्याला ढकलतं. किती, तर फुटबॉलच्या मैदानाएवढ्या पडद्याला चहाच्या दीड चमचा साखरेच्या वजनाइतकं. पण ते ढकलणं थांबत नाही आणि तिकडे अडवायला हवा नाही, म्हणून महिन्यामहिन्यानं वेग चढत जातो. जपाननं २०१० साली शुक्राच्या वाटेवर असं शीड उघडून दाखवलं. तुला हे सगळं पाठ आहे. मी मुलांच्या भाषेत लिहिलंय, एवढंच.

शेवटचं प्रकरण कचऱ्यावर आहे. इथे २०२८च्या सिंहस्थासाठी शहर खणून ठेवलंय. खणणारा ठेकेदार वेगळा, बुजवणारा वेगळा, आणि दुसरा अजून जन्माला यायचाय. देवास गेटपर्यंत जायचं म्हणजे सर्कस. वर आकाशातही तोच कारभार. उपग्रह सोडणाऱ्याचा सत्कार, मेलेला उपग्रह आवरणाऱ्याचा पत्ता नाही. म्हणून लिहिलं की प्रत्येकानं जातानाच एक छोटं शीड घडी करून न्यावं. काम संपलं की उघडावं; पृथ्वीजवळची उरलीसुरली विरळ हवा त्याला धरून हळूहळू खाली आणेल आणि वाटेतच तो जळून जाईल. जेवलेलं ताट आपलं आपण उचलावं, दुसरं काय.

आता काम. प्रकाशकांकडे राजस नावाचा संपादक आहे, वय तुझ्याहून दहानं कमी, आवाज माझ्याहून दहानं जास्त. त्याचं म्हणणं, शाळेतून रिटायर झालेल्या बाईचं पुस्तक कोणी उचलणार नाही. या क्षेत्रातल्या माणसाची प्रस्तावना असेल तरच छापू. तू उपग्रह बनवणाऱ्या कंपनीत आहेस आणि सुदैवानं माझी भाची आहेस. दोन पानं पुरेत. बाड सोबत पाठवते.

पहिलं प्रकरण वाचून तुला शाळा आठवेल. आपल्या कॉन्व्हेंटचं ते काचेचं भिरभिरं: बंद गोळा, आत सुईवर चार पाती, एक अंग काळं, एक रुपेरी. खिडकीतलं ऊन पडलं की गरगर फिरायचं, आणि मी म्हणायचे, पाहा, ऊन ढकलतं. सिस्टर बेनेडिक्टांनी मला त्याच्यावरच शिकवलं, मी पुढे एकतीस वर्षं. शाळेनं स्मार्ट क्लास करताना ते भंगारात टाकलं, तेव्हा मी उचलून घरी आणलं.

लोभ आहेच, उत्तर त्याच्या आधी यावं.

तुझी,
विनोदिनीआत्या


बेंगळुरू
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास अश्लेषाचा सा. न. वि. वि.

उशीर झाला. कामाचं निमित्त सांगणार होते, पण तू ओळखशील. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

पुस्तक फार चांगलं झालंय. उपग्रह खाली आणायच्या शिडावरच मी तीन वर्षं काम करते आहे. तुझं ताटाचं वाक्य मी इथल्या लोकांना हिंदीत करून सांगितलं, ते आता मीटिंगमध्ये वापरतात.

पण आत्या, पहिलं प्रकरण चुकीचं आहे. तूच पुढे लिहिलंयस, चकचकीत अंगावरून ऊन परत फिरतं म्हणून त्याला धक्का जास्त. काळं अंग ऊन गिळतं, त्याला जवळजवळ निम्मा. मग भिरभिरं उन्हाच्या धक्क्यानं फिरत असतं तर रुपेरी बाजू मागे हटली असती. हटते काळी. त्या गोळ्यात थोडी हवा उरलेली असते. काळी बाजू जास्त तापते आणि तिच्याजवळची हवा पात्याला ढकलते. हवा अगदी पूर्ण काढली तर हे भिरभिरं थांबतं. म्हणजे तू दाखवायचीस ते हवेचं ढकलणं होतं, उन्हाचं नव्हे. आणि उन्हाची शिडं जातात तिथे हवा नसते.

मला हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पक्कं कळलं. तुला सांगीन सांगीन म्हणता राहून गेलं. ते प्रकरण काढून टाकू, दुसऱ्यापासून सुरुवात करू. कोणाला कळणार नाही. मग मी लगेच प्रस्तावना लिहिते.

गुडघ्यांना जप. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
अश्लेषा


फ्रीगंज, उज्जैन
११ फेब्रुवारी २०२५

अश्लेषास,

आशीर्वाद असतोच, तो लिहीत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा अकरा वाजले होते. कपाटातून भिरभिरं काढलं आणि तशीच छतावर गेले. काळी बाजू मागे जाते. पाऊण तास उभी राहून पाहिलं, काही दुसरं होतं का. एकतीस वर्षं ते फिरतं एवढंच मी पाहत आले. कुठल्या बाजूनं फिरतं ते एकदाही पाहिलं नाही. पात्यांपेक्षा मुलींचे आ वासलेले चेहरे पाहायला मला जास्त आवडत असणार. सिस्टर बेनेडिक्टांना विचारावं तर त्या वर गेल्या, जिथे म्हणे सगळी उत्तरं असतात.

चूक माझी आहे, मी गिळेन. तुझं काय? तुझं पहिलं वर्ष म्हणजे २००३. मी रिटायर झाले २०१४ला. मधल्या अकरा वर्षांत दर वर्षी दोन तुकड्या, एकेकीत पन्नास मुली. अकराशे मुलींना मी खोटं शिकवत होते आणि तू दर दिवाळीला समोर बसून माझ्या हातचे अनारसे खात होतीस. एका घासाला तोंड उघडलं असतंस तर? तुझा बाप दत्तू म्हणतो तू मनमिळाऊ आहेस. आमच्या काळी याला भेकड म्हणत. बाहेरचा कोणी असता तर मी समजू शकले असते. तू घरची, आणि माझीच विद्यार्थिनी.

आणि म्हणे, काढून टाकू, कोणाला कळणार नाही. हे कुठे शिकलीस? माझ्या वर्गात तर बिल्कुल नाही.

प्रस्तावनेची घाई राजसला आहे, मला नाही. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर हवं: तू मला का सांगितलं नाहीस?

विनोदिनी


बेंगळुरू
२० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार.

तुझ्या वर्गातच शिकले.

जुलै १९९९. नववी ब, शेवटून दुसरा बाक. आदल्या तासाला तू शिकवलं होतंस की चेंडू भिंतीवर आपटून परत आला तर भिंतीला जास्त धक्का, चिकटून बसला तर कमी. दुसऱ्या दिवशी भिरभिरं आणलंस. मी हात वर केला आणि विचारलं, की मिस, मग काळी बाजू मागे का जाते, रुपेरी जायला हवी ना. आगाऊपणानं नाही विचारलं. मला वाटलं तू खूश होशील.

वर्ग हसला. तू म्हणालीस की मिस घरची म्हणजे जीभ मोकळी असं नसतं, आणि मला व्हरांड्यात उभं केलंस. संध्याकाळी आमच्याकडे जेवायला होतीस. तेव्हा बोट वर करून, मान वाकडी करून माझी नक्कल केलीस आणि आईबाबांना सांगितलंस की तुमच्या लेकीनं आज उन्हाची चूक काढली. बाबा हसले. आईही हसली.

त्यानंतर दहावी संपेपर्यंत मी वर्गात हात वर केला नाही. कॉलेजात कळलं की माझा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, पण मला त्या व्हरांड्यातली फरशी आठवली. तुला परत सांगायची छाती झाली नाही. तू भेकड म्हणालीस, ते खरं आहे. पण सांगितलं नाही असं म्हणू नकोस. सगळ्यात आधी तुलाच सांगितलं होतं.

अश्लेषा


फ्रीगंज, उज्जैन
१२ मार्च २०२५

चि. अश्लेषास आशीर्वाद.

मला आठवत नाही. आधी वाटलं तू रचलंस. मग टेंपो करून नानाखेड्याला गेले आणि तुझ्या बाबांना विचारलं. दत्तूनं पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, हो, त्या रात्री पोर जेवली नाही. तुझ्या आईला, सुमनला तर पानात श्रीखंड होतं हेही आठवत होतं. ते सगळं परत वाटीत काढलं म्हणे. मी विचारलं, मग मला कोणी का बोललं नाही. सुमन एवढंच म्हणाली, की ताई, तुम्हाला कोण सांगणार.

मला सोडून सगळ्या घराला पाठ होतं. ज्या गोष्टीनं तुझा हात दोन वर्षं खाली राहिला, ती मला रात्री झोपेपर्यंतही लक्षात राहिली नसेल. याच्यावर काय लिहितात ते मला येत नाही. कॉन्व्हेंटात चुका कबूल करायचं कन्फेशन असायचं, पण आम्ही हिंदू मुली त्या वेळी बाहेर खेळायला जायचो.

पहिलं प्रकरण मी काढलं नाही, नव्यानं लिहिलं. त्यात एक बाई भिरभिरं दाखवते आणि एक मुलगी विचारते, काळी बाजू मागे का, आणि बाई तिला व्हरांड्यात उभं करते. पुढे मुलीचं बरोबर कसं आणि बाईचं चूक कसं, हवा कुठे आणि ऊन कुठे, सगळं नीट मांडलंय. मुलीला नाव दिलेलं नाही. राजसला फार आवडलं. म्हणतो हेच पुस्तकाचं दार आहे, प्रस्तावना आली की छपाईला सोडतो. सोबत पाठवते आहे. शास्त्र तपास. बाकीचंही तपास.

उत्तर सावकाश दे.

तुझी आत्या


बेंगळुरू
२४ मार्च २०२५

ती. आत्यास सा. न.

प्रकरण वाचलं. शास्त्र सगळं बरोबर आहे. यापेक्षा सोपं मला लिहिता आलं नसतं.

एकच वाक्य चुकीचं आहे. दुसऱ्या पानावर तळाशी लिहिलंयस की थोड्या वेळानं बाईंना वाईट वाटलं आणि त्यांनी मुलीला आत बोलावलं.

तू बोलावलं नव्हतंस. तास संपला, घंटा झाली, तू हातात भिरभिरं घेऊन माझ्यासमोरून स्टाफरूमकडे गेलीस. तुला आठवत नाही म्हणतेस, म्हणून सांगते.

ते वाक्य काढ. काढलंस की त्याच दिवशी प्रस्तावना लिहीन.

अश्लेषा


फ्रीगंज, उज्जैन
१७ एप्रिल २०२५

चि. अश्लेषास अनेक आशीर्वाद.

वाक्य काढलं. लिहिताना मला खरंच वाटत होतं की असंच झालं असणार. मी काही राक्षसीण नव्हते. पण वाटणं आणि पाहणं यात माझा घोटाळा होतो हे आता सिद्ध झालेलंच आहे.

राजसला नवं पान पाठवलं, तर त्याचा फोन. मुलांच्या पुस्तकात बाई अशी नको, पालक घेत नाहीत, शाळा तर हातही लावत नाहीत. ते वाक्य परत घाला, सोमवारी छपाईला जातं. एका वाक्यानं कोणाचं काय बिघडतं, मॅडम. मी म्हटलं, ते झालेलं नाही. तो म्हणाला, गोष्टच तर आहे. मी म्हटलं, गोष्टीतल्या मुलीला विचारून ये. पुढे काय बोलले ते कॉन्व्हेंटात शिकवत नाहीत.

परवा बाड परत आलं. कुरिअरवाला खणलेल्या रस्त्याच्या पलीकडून फोन करत राहिला, फळीवरून यायला तयार नव्हता. शेवटी मीच जाऊन घेऊन आले. आता प्रस्तावनेची गरज नाही. दुसरा प्रकाशक शोधायला अजून नऊ वर्षं माझ्याकडे नाहीत, आणि खोटं सांगत नाही, मला याचं फार वाईट वाटतंय. त्याचा बोल तुझ्यावर नाही.

प्रकरणातली ती गोष्ट आता मुलगी व्हरांड्यात उभी असतानाच संपते. पुढे काही लिहिता येईल का, म्हणून आठवडाभर बसून पाहिलं. पुढे काही झालंच नाही, तर लिहू काय.

तुझा प्रश्न बरोबर होता. चार शब्द आहेत. घंटा होईपर्यंत मला म्हणता आले असते.

लोभ मागत नाही. दिवाळीला आलीस तर अनारसे असतील.

विनोदिनीआत्या