साखरेची एक नस्ती, मूत्रपिंडाची दुसरी

सिंधुदुर्गनगरी,
३ फेब्रुवारी २०२५

कावेरी गुरुदास चिंदरकर हीस,
स. न. वि. वि.

नावामागे 'कै.' लिहिणे नियमाला धरून झाले असते. हात धजत नाही.

तू जाऊन तेवीस दिवस झाले. कार्यालयात एका विषयाची एक नस्ती, हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता मी तुझ्या आजारालाही लावला. साखरेची निळी नस्ती मालवणच्या डॉक्टरांकडे, मूत्रपिंडाची पिवळी इथल्या. कागदांची सरमिसळ होऊ दिली नाही, याचा मला अभिमान होता. मूत्रपिंडे दुबळी झाली की तुझी ती जुनी गोळी शरीरात साचून राहते आणि साखर घातक पातळीवर उतरवते, हे शेवटच्या दिवशी कळले. त्याआधी साखर उतरू लागली तेव्हा मी शेजारी पेढे वाटले होते.

आज औषधांचा डबा आवरताना त्याच गोळ्यांची दोन पाकिटे कमी दिसली. शेजारची दिव्या सांगत होती की तुझ्या धाकट्या बहिणीने, सुशीलाने, ती बाराव्याला नेली. ताईचे औषध वाया जाऊ नये म्हणाली. तिलाही मधुमेह आहे, आणि गणपतीपासून पायांना सूज, म्हणजे मूत्रपिंडांचीही शंका. ती माझा फोन उचलत नाही. तिला पत्र लिहून एसटीच्या वाहकाकडे देत आहे.

तुझा,
गुरुदास


सिंधुदुर्गनगरी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुशीला हीस,
अ. आ. वि. वि.

बाराव्याला तू मोठ्याने रडलीस म्हणून मी चारचौघांत रागे भरलो. ते चुकले. परंतु त्या रागापायी हे पत्र बाजूला टाकू नकोस. ताईच्या गोळ्या आजच बंद कर. घाम आला, हात कापले, काही सुचेनासे झाले तर लगेच साखरेचे पाणी पी आणि रुग्णालय गाठ. रक्त तपासून घे. मूत्रपिंडाचा अहवाल आणि साखरेची औषधे एकाच डॉक्टरांपुढे एकाच वेळी ठेव. मी ते केले नाही.

उलट वाहकाच्या हाती उत्तर धाड.

तुझा भावजी,
गुरुदास


तोंडवली,
४ फेब्रुवारी, मंगळवार

ती. स्व. भावजींका
सुशीलाचो शि. सा. न. वि. वि.

पत्र गावला. चूक कबूल केलात, ह्या वाचून आमचे हे खुर्चीवरसून पडाचे रवले. पण भावजी, तुमी कागदा लावा, मी काय तुमच्या हापिसातला टेबल नाय. तायच्या गोळयेन माझी साखर दोनशेची सत्तर इली. इतकी बरी कधीच नाय होती. सोडू कित्याक?

आज मंगळवारचो उपास. सकाळपासून हात कापतत, घामय येता, पण तो उपासाचो. सांजच्याक गोळी घेऊन मगे जेवतलंय. अक्षर वाकडा इला तर हसू नकात. मघापासून पेन खंय ठेवलंय ताच

रागावलेली, तरी तुमचीच मेव्हणी,
सुशीला


सिंधुदुर्गनगरी,
१० फेब्रुवारी २०२५

कावेरीस,
स. न. वि. वि.

सुशीलाचे पत्र मंगळवारीच दुपारी मिळाले. एक वाक्य अर्ध्यावर तुटले होते. मी बसची वाट न पाहता रिक्षा केली.

ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखले नाही. तिचे यजमान बाबली साखरेचे पाणी पुढे करीत होते आणि ती उपास मोडतो म्हणून तोंड फिरवीत होती. त्यांनी विनवले, दटावले, ओठ घट्ट. तेव्हा मी ते पाणी तांब्याच्या पंचपात्रीत ओतले आणि देवीचे तीर्थ आहे असे सांगितले. कावेरी, तिने उजवी ओंजळ पुढे केली. पळीपळीने सगळे पाजले. थोडी तरतरी आली, तरी तिला रिक्षात बसवले.

रुग्णालयाच्या वाटेवर साखर पुन्हा उतरली. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अशा मूत्रपिंडांत दिवसेंदिवस रेंगाळते; तरतरी आली म्हणून घरीच थांबला असतात तर रात्री ती हाती लागली नसती. दोन दिवस सलाइन चालले. आता मूत्रपिंडाची तपासणी पाहून वेगळी गोळी दिली आहे. डॉक्टरांनी सारे कागद मागितले. मी ते न निवडता, पिशवीसकट पुढे ठेवले.

शुद्धीवर येताच तिने विचारले, की तीर्थात साखर घालणारा पुजारी कुठल्या गावचा. उपास मोडल्याचे पाप कोणाच्या माथी, हेही विचारले. माझ्या, असे मी सांगितले. त्यावर ती पुष्कळ रडली, मोठ्याने. या वेळी मी रागे भरलो नाही.

तिचे पथ्य बघायला कुणी करडा माणूस हवा, असे बाबलींचे म्हणणे पडले. माझी निवृत्ती झालेलीच आहे; सरकारी निवासस्थान आज सोडून तोंडवलीस जात आहे. तुझी माया आम्हां दोघांवर अशीच असू दे.

तुझा,
गुरुदास

ता. क. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या कार्यालयात परत केल्या.