मागून भो

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा! सकाळी गॅसजवळ उभी होते, हातात दुधाचं पातेलं. कैलाश मागून आला आणि — भो! दोन्ही हात माझ्या कंबरेवर. दूध ओट्यावर, आणि सगळं घर हसलं. "वयनी, तुमी त लय चमकता वो," म्हणाला आणि चहा घेऊन निघून गेला.

धाकटा दीर. भो हे निमित्त, हात हे काम. तीन वर्षांपासून कळतंय मला. सासूबाईंना सांगून पाहिलं — "दिरानं भावजयीची मजाक नाही करायची त कोनाची करायची?" ह्यांना सांगितलं — "तू त आहेच भित्री."

आहे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. म्हणूनच कुणाला काही खरं वाटत नाही. आता तर स्वयंपाकघरात एकटी जायचंच टाळते.

८ जानेवारी, बुधवार

शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला. शिकवायला भंडाऱ्याहून अमर सर. पुरुष! सोबत एक मॅडम हवी म्हणून मला उभं केलं. पूर्ण तास मी त्यांच्या हातांवर नजर ठेवली. कुणालाही हात लावला नाही. अजून तरी.

मध्येच त्यांनी आमच्या मागे पोषण आहाराचं स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. मुली किंचाळल्या. मी तर अशी दचकले की आता सहावी ब वर्षभर हसणार. पण सर म्हणाले, "मॅडम, असेच हात राहू द्या. पोरींनो, पाहा. हात तोंडासमोर, कोपर वाकलेले, मान आत. हे मॅडमनं नाही केलं, त्यांच्या अंगानं केलं. आपण चुकतो कुठं? शरमून हात खाली घेतो. घेऊ नका. वळा, आणि तेच कोपर पुढं न्या."

चौतीस वर्षांत माझ्या दचकण्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर थोडी रडले.

१० जानेवारी, शुक्रवार

ही वही मी तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवते. तसंच खाकी कव्हर, वर वर्गात नसलेल्या मुलीचं नाव. वरून सातव्या जागी. आज ती चौथ्या जागी होती.

११ जानेवारी, शनिवार

पहिल्याच पानावर हळदीचं बोट. माझं नाही.

रुपाचं. कैलाशची बायको. दिवसभर स्वयंपाकघरात, लग्नाला दोन वर्षं झाली, माझ्याशी धड दहा वाक्यं बोलली नसेल. नवऱ्याचे कान आहेत ते. वाचते आणि नेऊन सांगते.

१३ जानेवारी, सोमवार

जेवताना कैलाश — "वयनी कराटे शिकून राहिल्या म्हणे! आता आपलं काई खरं नाही." सगळे हसले. रुपा खाली मान घालून पोळी वाढत होती. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराचं मौन आज पाहिलं.

वही दुसरीकडे ठेवायला हवी. पण कुठे? या घरात माझ्या नावाचं एकही कुलूप नाही.

१५ जानेवारी, बुधवार

दुसरा वर्ग. कोपर नाकाच्या उंचीला. न्हाणीघरात वीस वेळा केलं, बादलीला धडकले.

१९ जानेवारी, रविवार

घरी हळदीकुंकू होतं. बैठकीत पंधरा बायका. मी तिळगुळाचा डबा आणायला आत आले. रुपा दारात होती. माझ्या मागे कोण येतंय ते तिनं पाहिलं — तिनं पाहिलेलं मी पाहिलं! आणि ताट उचलून ती गुपचूप बाहेर निघून गेली. भयंकर राग आला.

मग भो. कंबरेवर हात.

दचकले. हात वर आले. वळले. कैलाश खाली बसला, नाक धरून, बोटांतून रक्त. बायका धावत आल्या. "मी मजाक करून राहिलो होतो ना!" मी म्हटलं, "आणि मी चमकली ना भाऊजी. तुमाले त माहीतच आहे."

शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "इतकी चमकते, माहीत आहे ना? मंग भो काहून करतं रे?" आणि सगळ्या हसल्या. या वेळी त्याला.

इथं खरं लिहिते. दचकले ते खरंच. पण हात खाली घेतले नाहीत, ते मी. नाक दिसलं होतं मला. नेम धरला होता.

२० जानेवारी, सोमवार

नाक वांग्याएवढं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. हे म्हणाले, "कराटेचं मीच सांगतलं होतं त्याले. मले का मालूम, तू खरंच शिकशील."

म्हणजे रुपानं नव्हतं सांगितलं?

पण वही आज गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. कालचं पान तिनं वाचलंय. नेम धरला होता, हे आता तिला माहीत आहे. तिनं तोंड उघडलं तर 'दचकले' कुणी ऐकून घेणार नाही. पान फाडावं का? फाडून काय उपयोग.

२१ जानेवारी, मंगळवार

वही सातव्या जागी होती. कालच्या मजकुराखाली पेन्सिलनं, माझं नसलेलं अक्षर —

"ताई, वही मी वाचली. त्याईले काई सांगतलं नाही. तुमाले ते भो त म्हणते. माह्यावर हात उचलते तवा काईच नाही म्हणत. कोपर किती वर धरायचा, मले बी दाखवा."