सोळा फेऱ्या

३ मार्च
आजपासून लेकीचा, प्राचीचा, पोहण्याचा कोच मी. निमगाव सावाहून रोज पुण्याला कोण नेणार? आणि माझ्याइतकं लक्ष कोण देणार? शेततळं काठोकाठ आहे. टेपने मोजलं. पाणी या कडेपासून त्या कडेपर्यंत पंचवीस मीटर. सोळा फेऱ्या म्हणजे चारशे मीटर. मेअखेर जिल्ह्याच्या स्पर्धा. पहिला टाइम ८ मिनिटं १०.

५ मार्च, सकाळी ६
व्हिडिओ पाहून प्रोग्रॅम आखला. ताकद आणि दम, दोन्ही एकदम. आधी पाच किलो वाळूची पिशवी घेऊन उठाबशा, लगेच तळ्यात. मीही सोबत उठाबशा काढणार. उद्यापासून.

६ मार्च
पोरगी तिसऱ्या फेरीलाच गळाली. बायको मंगल म्हणाली, आदी दमवता आन मग पवायला लावता व्हय? शास्त्रीय बदल केला. एक दिवस ताकद, एक दिवस दम. मला आधीच सुचलं होतं.

२९ मार्च
७:३५! प्रोग्रॅम लागू पडतोय. टोमॅटोला पाणी सुरू, रोज तीन तास मोटर.

२० एप्रिल
६:५०!! प्राचीने स्टेटस ठेवलं, माय कोच माय पप्पा. दोनदा पाहिलं. अकरा वेळा.

२२ एप्रिल
मंगल म्हणाली, अहो, तळं लई उतरलंय, पोरीला पवायला जागा तरी राहिली का? हातातला घास ताटात ठेवला. तळ्याच्या बाजू उतरत्या. पाणी खाली गेलं की लांबीही कमी होते. ते खोदून घेणारा मीच. पळत जाऊन टेप लावली. वीस मीटर. म्हणजे चारशे नाही, तीनशे वीस. टाइम माझ्या प्रोग्रॅमने नाही, टोमॅटोने कमी केला.

२३ एप्रिल
आज सांगणारच होतो. पण ती न सांगता दहा उठाबशा जास्त काढत होती. ताकदीच्या दिवशी मन खचवू नये. उद्या.

२ मे
काल महाराष्ट्र दिन होता, म्हणून राहिलं. आज उपाय काढला. मोजताना मुद्दाम चार फेऱ्या गाळल्या, म्हणजे वीस होतील, चारशे मीटर भरतील. तिने लगेच पकडलं. म्हणाली, पप्पा, तुमाला सोळापर्यंत मोजता येत न्हाई? आणि हसली. मला लाज वाटली. फार वाटली.

१८ मे
६:२०. तिने मामाला फोन करून सांगितलं, समदं पप्पांमुळं झालं. मी मोटर बघायला निघून गेलो. मोटर बंदच होती.

३० मे
उद्या स्पर्धा. आता सांगितलं तर तिचा धीर सुटेल. गप्प राहणं हेच कोचचं कर्तव्य. जेवलो नाही.

३१ मे, संध्याकाळी
आठ जणी होत्या. पहिले दोनशे मीटर प्राची सगळ्यांच्या पुढे. ६:२० च्या हिशेबाने तिने सुरुवातीलाच सगळा जोर लावला होता. मग हात जड झाले. एकेक पोरगी पुढे गेली. आठवी आली. ८:४०. मार्चपेक्षाही वाईट.
गाडीत माझ्याकडे बघेना. मंचर सोडल्यावर म्हणाली, सॉरी पप्पा. तुमी एवढं केलं, मीच कमी पडले.
तोंड उघडलं. म्हणालो, असू दे, होतं असं.
आता तुमी सांगाल तसंच करीन, म्हणाली.
बरं, म्हणालो.